गुंडा नावाचं मॉड्यूल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले एकदाची कोयनानगरला! सांगलीहून कऱ्हाडपर्यंत एसटीत उभी, पण कऱ्हाडला खिडकी पटकावली. पाटणच्या पुढे वळणं सुरू झाली तशी शेजारच्या बाईंनी न विचारताच माझ्या हातावर आवळासुपारी ठेवली. म्हणाल्या, नवीन माणसाचा चेहरा लगेच वळखू येतो. मला काही झालं नाही, पण सुपारी झकास होती.

संस्था छोटीशी आहे, वसाहतीच्या टोकाला तीन खोल्यांची. जमिनीत पुरलेली यंत्रं हादरे टिपतात, आकडे संगणकावर येतात आणि हादरा जरा मोठा वाटला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फोनवर निरोप जातो. म्हणजे जायला हवा. दिवाळीपासून जात नाही, कारण हे सगळं करणारं नोटबुक बंद पडलंय. नोटबुक म्हणजे वही नव्हे, हे आईला काल तिसऱ्यांदा समजावलं. स्क्रीनवर चौकट असते, तिच्यात कोड लिहायचा, चालवायचा, उत्तर लगेच खाली दिसतं, मग पुढची चौकट. आई म्हणाली, कळलं, कापड बेतायचं आणि लगेच शिवून बघायचं. बरोबर आहे की! आई सांगलीजवळ माधवनगरला शिवणकाम करते. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि आता ती एकटी.

माझ्या आधी हे काम वाईचा देवदत्त बघायचा. अचानक नोकरी सोडून गेला, खोलीची किल्ली कुरिअरनं पाठवली म्हणे. पुण्याच्या साहेबांनी मुलाखतीत विचारलं होतं, एकटीला जमेल का तिकडे. मी म्हटलं, माझं नाव क्रांती आहे, शांती नाही. त्यावर नोकरी मिळाली असावी.

राहते अंबूमावशींच्या वरच्या खोलीत. मावशी साठी ओलांडलेल्या, खानावळ चालवतात. संध्याकाळी झुणका-भाकरी वाढून विचारलं, "लय तिखट न्हाई न्हवं?" सांगलीच्या मुलीला!

५ फेब्रुवारी, बुधवार

आज हसून हसून पोट दुखलं. पुण्याच्या साहेबांना फोनवर सांगत होते की कर्नल पुन्हा मेला, सकाळपासून उठवतेय आणि तो मरतोय. नाथाजीकाका चहा घेऊन आले होते. काका म्हणजे आमचे पहारेकरी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. त्यांनी कप ठेवला, टाचा जुळवल्या आणि माझा फोन होईपर्यंत मान खाली घालून उभे राहिले. मग हळूच विचारलं, साहेब कुठल्या पलटणीतले होते. मी समजावलं की नोटबुकच्या मागं बसून खरं काम करणारा जो असतो तो कर्नल. एकदा आत बोलावलेलं सगळं तो ध्यानात ठेवतो, रीस्टार्ट केला की विसरतो. काका म्हणाले, म्हंजे आमच्यावानीच हाय, बदली झाली की कोण कुणाला वळखत न्हाई.

बिघाड समजला. नोटबुकच्या पहिल्या चौकटीत इम्पोर्ट असतात. मॉड्यूल म्हणजे तयार कोडची फाइल, आणि इम्पोर्ट म्हणजे तिला मारलेली हाक: अमुक मॉड्यूल, ये, तमुक, ये. मग यंत्र जागांची एक यादी घेतं आणि वरपासून खालपर्यंत एकेक जागा धुंडाळतं. कुठंच नाही मिळालं की लाल अक्षरांत उत्तर, या नावाचं मॉड्यूल सापडलं नाही. इथं झालं होतं असं की संगणकावर पायथनच्या, म्हणजे ज्या भाषेत हा कोड आहे तिच्या, दोन प्रती होत्या: सामान भरलं होतं एकीत आणि कर्नल चालत होता दुसरीवर. पंगत एका मांडवात, वाढपी भलत्याच! कर्नल सामान असलेल्या प्रतीला जोडून दिला. लाल अक्षरं भराभर गेली, आता एकच ओळ उरली आहे. ती उद्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उरलेली ओळ: गुंडा नावाचं मॉड्यूल सापडलं नाही.

आधी वाटलं देवदत्तचा विनोद. आम्ही लोक फायलींना कुत्र्यामांजरांची नावं देतो, हा गुंडा. पण सगळा संगणक पालथा घातला, गुंडा कुठंच नाही. बरं, खालच्या एकाही चौकटीत त्याचा उपयोग नाही. फक्त पहिल्या चौकटीत शेवटची हाक, इम्पोर्ट गुंडा. मग कशाला हवी? खोडून टाकली. चहा पिऊन परत येते तर ओळ जागच्या जागी. पुन्हा खोडली. जेवून आले, पुन्हा हजर. कुठली तरी जुनी प्रत परत येत असणार. मला 'सापडत नाही' हे उत्तर मुळातच आवडत नाही, आणि माझ्या खोडण्याला न जुमानणारं यंत्र तर त्याहून नाही. बघतेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले! ओळ जात नाही ना, मग राहू दे. गुंडा नावाची रिकामी फाइल करून ठेवली. आत एक अक्षर नाही. यंत्रानं हाक मारली, फाइलनं ओ दिली, यंत्राचं समाधान झालं. यंत्राला टोपी घालायचा हा प्रकार आमच्या धंद्यात सगळे करतात, कबूल कुणी करत नाही.

नोटबुक वरपासून खालपर्यंत सुरळीत चाललं. चाचणीचा निरोप गेला, आणि काकांचा फोन वाजला तसे ते दारातून ओरडले, "आला, मॅडम, आला!" साहेबांनी शाबासकी दिली. आईला फोन केला. तिनं विचारलं, मग आता परत कधी येतेस. म्हटलं, अगं, आता तर कुठं रुजू झालेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

गंमत आहे. सकाळी नोटबुक चालवलं तर पहिल्या चौकटीखाली उत्तर उमटलं. तिथं उत्तर उमटण्याचं काही कारण नाही.

"आये, आलीस?"

गुंडाची फाइल उघडली. मी रिकामी ठेवली होती, आता आत एक ओळ आहे, हेच शब्द छापणारी. म्हणजे देवदत्त कुठूनतरी आत शिरून खोड्या काढतोय. सगळे पासवर्ड बदलले. ओळ पुसली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हे वाईकर ब्रह्मराक्षस चुकीच्या दारात आले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इंटरनेटची केबल उपटून काढली आणि मग नोटबुक चालवलं. बाहेरून कुणी येऊच शकत नाही.

"आये, आलीस? कवा येतीस?"

फाइलच काढून टाकली. कर्नल रीस्टार्ट केला, म्हणजे आधीचं सगळं विसरायला हवं. पुन्हा चालवलं. फाइल नाही, तरी गुंडा सापडला! मग आपण यंत्राला सरळ विचारतो तसं विचारलं, बाबा रे, कुठल्या जागेतून आणलास? आणि जागांची यादी छापली. यादीत सगळ्यात खाली एक नवी ओळ होती, मी न लिहिलेली:

जुनी वसाहत / दुसरी ओळ / चुलीमागं

घाबरले नाही. चिडले. ओळ काढली, संगणक बंद केला, वर दारालाही लाथ घातली. काकांनी विचारलं काय झालं, म्हटलं कर्नल ऐकत नाही. आज ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, देवदत्त सायबाचा बी ऐकत नव्हता, त्यास्नी फोन लावला का तुमी?

१२ फेब्रुवारी, बुधवार

देवदत्तला शिव्या घालायच्या तयारीनं फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, रिकामी फाइल केलीस का? मी म्हटलं, हो.

त्यानंही केली होती. इम्पोर्टची ती ओळ त्यानं लिहिलेली नाही. एका सकाळी ती चौकटीत होती. त्यानं फाइल केली, मग काढून टाकली, मग घाबरून वाईला घरी पळाला. यादी त्याच्या मागोमाग आली. शेवटची ओळ झाली, वाई / आये. त्या दिवसापासून त्याची आई माजघरातल्या भिंतीकडे तोंड करून बसते आणि म्हणते, आले रं, आले. नावानं हाक मारली तर वळून बघत नाही. खायला घातलं तर खाते. तो स्वतः आता घरी जात नाही, आपल्यामागून आणखी काही जाईल म्हणून. उंब्रजला हायवेवरच्या लॉजवर असतो. मला म्हणाला, अजून वेळ आहे, पळ. कुठंही पळ, फक्त घरी जाऊ नकोस.

मी त्याला म्हटलं, तू पळालास त्यानं काय झालं ते बघतोयस ना? त्यावर तो रडला. वाईट वाटलं, पण मी पळणार नाही. हात दाखवून अवलक्षण केलंय खरं, पण हात माझा आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यादी पुन्हा छापली. आता दोन ओळी.

ऑफिस / पायरी
ताईचं घर / जिना

ऑफिसची पायरी ठीक, पण ताई कोण? मला तर भाऊ नाही. आणि वसाहतीत जिना असलेलं घर मी राहते तेच.

जेवताना मावशींना विचारलं, तुम्हाला कुणी ताई म्हणतं का. त्या सहज म्हणाल्या, आता कोण ऱ्हायलंय म्हणायला. मग मी विचारलं, गुंडा कोण. त्यांची भाकरी तव्यावरच राहिली, जळून काळी झाली तरी त्यांनी उलथली नाही.

गुंडा त्यांचा धाकटा भाऊ. सदुसष्टच्या भूकंपात पहाटे छप्पर आणि भिंत एकदमच खाली आली. मावशी लहान होत्या, आईनं त्यांना ओढून बाहेर काढलं. गुंडा आत राहिला, चुलीमागं. तो आतून हाका मारत होता, "आये, ये की गं." आणि आई बाहेरून ओ देत होती, "आले रं सोन्या, आले." जमीन थांबत नव्हती. लोकांनी आईला धरून ठेवलं. ती सकाळपर्यंत 'आले' म्हणत राहिली, आणि गेली नाही. गुंडाला माणसांनी काढलं ते सगळं संपल्यावर. त्या ओळीत पुन्हा कुणी घर बांधलं नाही, आणि आईनं मरेपर्यंत त्या जोत्यावर पाय दिला नाही.

मावशी म्हणाल्या, "म्हून हितं कुणी हाक मारली तर आदी बघत्यात, जायाला जमंल का. जमणार आसंल तरच ओ देत्यात. ओ दिली की जावं लागतं, पोरी. तू कुणाच्या जिवावर ओ दिलीस?"

मी म्हटलं, मावशी, मी फक्त लाल अक्षरं घालवत होते. आणि मग दोघी रडलो. मला त्या पोराचा राग येईना. इतकी वर्षं कुणीतरी येतो म्हणालंय म्हणून ते थांबलंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल दिवसभर झगडले. यादीतली प्रत्येक ओळ पुसली. गुंडाच्या नावानं नवी फाइल करून आत लिहिलं की तुझी आई इथं नाही, ती गेली, तू पण जा. आज उत्तर आलं.

"आये, तुजा आवाज बदललाय."

जिन्यावर पावलं वाजतात. लहान, अनवाणी. भर दुपारी, ऊन लख्ख असताना. दार उघडलं तर कुणी नाही, पायऱ्यांवर ओली राख.

भिऊन दार लावून घेतलं, मग स्वतःचाच संताप आला. दार उघडं टाकून बसले. ये म्हटलं, काय करायचं ते मला कर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यादी. सगळ्यात खाली.

माधवनगर / आये

नाही. माझी आई नाही. हे चालणार नाही.

फोन केला. ठीक आहे ती. ब्लाउज शिवतेय. सहज म्हणाली, शेजाऱ्यांकडे कुणाचं तरी लेकरू आलंय बहुतेक, सकाळपासून आये आये करतंय, भिंतीपलीकडं. जीव तुटतो गं, म्हणाली, ओ देणारच होते तेवढ्यात तुझा फोन वाजला.

मी ओरडले. आई, ओ द्यायची नाही. कानात बोळे घाल, मशिन जोरात चालव, देवळात जाऊन बस, पण ओ द्यायची नाही. ती घाबरली. शपथ घातली तिला. म्हणाली बरं. पण मला माझी आई माहीत आहे. लेकरू रडत असलं तर ती किती वेळ गप्प—

देवदत्तच्या आईचं जे झालं ते माझ्या आईचं होऊ देणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

ठरलं. ओ दिली ना मी? मग मी जाणार. इतक्या वर्षांत तेवढी एकच गोष्ट कुणी केलेली नाही. त्याच्या आईनं नाही, गावानं नाही, देवदत्तनं नाही. सगळे 'आले' म्हणाले आणि कुणी आलं नाही.

मावशी हट्टाला पेटल्या, माजा भाऊ हाय, मी जाती. मी म्हटलं, फाइल मी केली. तुमच्या आईची ओ तुमच्या आईबरोबर गेली, ही माझी आहे. काका म्हणाले, मॅडम, पलटणीत आसं एकट्याला पुढं धाडत न्हाईत. ते येताहेत, पण जोत्याबाहेर थांबतील. तसं वचन घेतलंय.

लॅपटॉप बरोबर, नोटबुक त्यावर उतरवून घेतलंय. ही रोजनिशी पण.

दुपार

जुनी वसाहत. दुसरी ओळ. भिंती नाहीतच, नुसती जोती, गवत, मधे घाणेरीची झुडपं. चुलीची जागा मावशींनी लांबूनच दाखवली. दगडावर बसल्या आहेत, पदर तोंडाला. काका त्यांच्यापाशी.

पाय दिला. आत आहे. ऊन आहे, तरी इथं धुराचा वास—

मोठ्यानं म्हटलं, गुंडा, मी तुझी आई नाही. पण येते म्हणाले होते आणि आलेय. खोटं बोलले नाही.

जमीन हलली. थोडीशी. मी हलले नाही.

लॅपटॉप उघडून पहिली चौकट चालवली.

"आलीस."

प्रश्नचिन्ह नाही.

यादी छापली. ओळी जाताहेत. पायरी गेली. जिना गेला. माधवनगर—

गेलं! माधवनगर गेलं! आई सुटली! जिंकले. वाई पण गेली असणार, देवदत्ता, जा घरी, मूर्खा.

डाव्या हातात हात आहे. लहान. गरम. दिसत नाही. धरलाय, सोडणार नाही.

आईला फोन लावला. उचलला. मागे मशिन चालू. हॅलो, हॅलो, कोण, म्हणाली. आई, मी. हॅलो? आई, अगं मी, क्रांती. कुणीच बोलत नाही, असं कुणाला तरी म्हणाली आणि ठेवला. आवाज छान होता. ठणठणीत. ते महत्त्वाचं.

मावशी उठल्या. हाका मारताहेत. "क्रांते, कुठं हाईस गं?" समोर आहे मी, दहा पावलांवर, हात हलवतेय. माझ्यातून पलीकडं बघताहेत. काका जोत्याभोवती पळताहेत. लॅपटॉप नुसताच दगडावर दिसतोय त्यांना बहुतेक. स्क्रीनवर लाल—

क्रांती नावाचं मॉड्यूल सापडलं नाही.

खोटं आहे. मी इथं आहे. ओ देतेय. घसा फुटेपर्यंत देतेय. मावशी, ओ! काका, ओ! ऐकू येत नाही म्हणून मी नाही असं होत नाही. भीती वाटतेय, लिहून ठेवते, फार वाटतेय. पस्तावा नाही. पोरगं आता रडत नाही.

जोत्याच्या काठाशी जाता येत नाही. पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा. पायांवर माती, कुठून ती— लिहिणं थांबवणार नाही. लिहितेय तोवर आहे. नाव क्रांती. राहणार माधवनगर. आई पद्मा. कुणाला हे सापडलं तर हाक मारा, मोठ्यानं, नावानं, मारत राहा, मी ओ देणार, मी काही झालं तरी ओ—